भुताच्या घरचे भाडेकरू

झाशीत नगऱ्यापासून खातीबाबापर्यंत कुणालाही विचारा, सलील वाघचौरे कशालाच भीत नाहीत असं तो तुम्हाला छातीठोकपणे सांगेल. सांगणाऱ्याचा काही दोष नाही. त्या बिचाऱ्यानं रोहिणीबाईंना विचारलेलं नसतं. रोहिणीबाई म्हणजे वाघचौऱ्यांच्या पत्नी. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, आणि एवढ्या काळात त्यांनी नवऱ्याला पालीला, विजेला, लिफ्टला, कॉलेजच्या प्रिन्सिपॉलला आणि एकदा तर दोरीवर वाळत घातलेल्या स्वतःच्याच शर्टाला घाबरताना पाहिलेलं आहे.

असा हा माणूस भुतं घालवण्यात नावाजलेला. कसा काय, ते सांगतो. घाई करू नका.

वाघचौरे मूळचे नगरकडचे मराठी ख्रिस्ती. वडील रणगाड्याचे ड्रायव्हर. पलटणीबरोबर झाशीजवळच्या बबीन्याच्या छावणीत आले, निवृत्त झाल्यावर परत जायचं जायचं म्हणत झाशीतच राहिले आणि इथल्याच मातीत गेले. मुलगा इथल्या एका इंटर कॉलेजात बाबू, म्हणजे कारकून. घरात मराठी, दाराबाहेर हिंदी, आणि मुलगी मयुरा अशी की आईनं मराठीत रागवायचं आणि तिनं हिंदीत उलट बोलायचं. बाकी म्हणाल तर चारचौघांसारखं कुटुंब. रविवारी चर्च, चर्चनंतर मटण.

हे मटण आडवं आलं. दहा वर्षांपूर्वी वाघचौरे घर शोधत होते. जिथं जावं तिथं घरमालक आधी आडनाव विचारायचा, मग जात, मग मोघम हसून म्हणायचा, "अंडा-वंडा तो नहीं बनता न, भाईसाहब?" वाघचौरे गुळमुळीत काहीतरी बोलायला जायचे तेवढ्यात रोहिणीबाई मागून स्पष्ट सांगायच्या, "संडे को मटन बनता है." की झालं. सतरा घरं बघून झाली. अठरावं सीपरी बाजारामागं शुक्लाजींचं. शुक्लाजींनी अंड्याचं विचारलंच नाही. ते म्हणाले, "आपसे छिपाएँगे नहीं. साल भर में तीन किरायेदार भाग गए. ऊपर कोई चलता है. लेकिन आप लोग ईसाई हैं, आपको तो ये सब लगता नहीं."

आपल्याला 'ये सब' लागत नाही ही बातमी वाघचौऱ्यांना नवीनच होती. ते नाही म्हणणार होते. रोहिणीबाईंनी किल्ली घेतलीसुद्धा.

तिसऱ्याच दिवशी भर दुपारी, बाहेर लूचा गरम वारा असा वाहत होता की रस्त्यावर कुत्रं नाही, आणि वर कुणीतरी चालायला लागलं. धप, धप, थांबा, धप. वाघचौरे जिन्याच्या पहिल्या पायरीवर होते, तिथंच खिळले. वर जाववेना, खाली उतरवेना. पाचावर धारण बसली. तेव्हा त्यांनी डोळे गच्च मिटले आणि वडिलांनी लहानपणी शिकवलेली चार ओळींची प्रार्थना म्हणायला सुरुवात केली. मनात म्हणून भागेना म्हणून मोठ्यानं, आणि मोठ्यानं म्हणूनही भागेना म्हणून ओरडून. नेमके त्याच वेळी शुक्लाजी पाण्याच्या मोटरचं बघायला आत आले. बघतात तर नवा भाडेकरू हात पसरून, डोळे मिटून, कुठल्याशा अगम्य भाषेत गरजतो आहे. आणि बघता बघता वरचे पाय थांबले.

वरचे पाय म्हणजे टाकीचं पत्र्याचं झाकण. ते वाऱ्यानं आपटत होतं आणि रोहिणीबाईंनी गच्चीवर जाऊन ते जुन्या परकराच्या नाडीनं बांधून टाकलं होतं. पण त्या गच्चीवर होत्या आणि शुक्लाजी जिन्यात. शुक्लाजींनी जे पाहिलं ते पाहिलं. संध्याकाळपर्यंत मोहल्ल्याला कळलं होतं.

झालं! अकरा महिन्यांचा करार संपला तेव्हा शुक्लाजी हात जोडून म्हणाले, घर तर आता शुद्ध झालं, पुतण्याचं लग्न ठरलंय, तो राहायला येतोय. वाघचौऱ्यांना सामान उचलावं लागलं. पण रस्त्यावर यायची वेळ आली नाही, कारण तोवर दुसरे एक घरमालक दारात उभे होते. त्यांच्या घरात नळ आपोआप रडायचा. मग तिसरे. मग एका डॉक्टरांचं घर, जिथं म्हणे आरशात कोणी दिसायचं. दहा वर्षांत आठ घरं झाली. झाशीत ज्या घरात कुणी राहायला तयार नाही तिथं आधी वाघचौरे ठेवायचे, घर मुरलं की त्यांना काढायचं आणि चांगला भाडेकरू आणायचा, अशी पद्धतच पडली. म्हणजे भुतांपेक्षा माणसांनीच त्यांना जास्त वेळा घराबाहेर काढलं. पण काढताना पाया पडून काढायचे, हेही खरं. वाघचौऱ्यांनी दाराला लावलेला क्रूस मात्र कुणी काढत नसे. तो तसाच राहायचा, एका बाजूला लिंबू-मिरची, दुसऱ्या बाजूला घोड्याची नाल. एवढा बंदोबस्त तर कलेक्टरच्या बंगल्यालाही नसेल.

आणि भाषेचं तर विचारूच नका. मराठी कुणाला कळत नव्हती, त्यामुळे वाघचौरे मराठीत जे काही मोठ्यानं बोलतील तो मंत्र. एकदा न्हाणीघरातून त्यांनी मयुराला टॉवेल आण म्हणून तीनदा हाक मारली, तर अंगणात घरमालकीणबाई डोळे मिटून, पदर डोक्यावर घेऊन उभ्या. टॉवेल मिळेपर्यंत त्या हलल्या नाहीत.

हसू नका. हसण्यासारखंच आहे, पण वाघचौऱ्यांना हसू येत नव्हतं. कारण गोष्ट अशी, की त्या आठही घरांत हा माणूस पहिल्या दिवसापासून शेवटच्या दिवसापर्यंत भीत होता. आरसा असलेल्या घरात त्यांनी अकरा महिने आरशाकडे पाठ करून दाढी केली. बाहेर लोक म्हणायचे, "वाह वाघचौरेजी, क्या विश्वास है!" आणि यांना वाटायचं, आपण ढोंगी आहोत. रविवारी चर्चमध्ये पाळक सांगायचे की जिथं विश्वास असतो तिथं भीती उरत नाही. की वाघचौरे बाकावर आणखी थोडे खाली सरकायचे. माझ्यात तर भीती गळ्यापर्यंत भरलेली आहे, म्हणजे विश्वास किती असेल? असेल तरी का? प्रभूपुढे उभं राहायची वेळ आली की तो म्हणेल, बाबा, तुझी नि माझी ओळख कधी होती? हा विचार त्यांना भुतापेक्षा जास्त पोखरत होता. आणि कुणाला सांगायची सोय नाही.

एकदा रोहिणीबाईंना सांगून बघितलं. त्या पोत्यातून पातेली काढत होत्या, आठव्या घरात. त्या म्हणाल्या, "शास्त्रात पानोपानी 'भिऊ नको, भिऊ नको' कुणाला सांगितलंय मग? शूर माणसाला कोण कशाला सांगेल? सरका, त्या पातेल्यावर बसलाय तुम्ही."

वाघचौऱ्यांना ते पटलं नाही. बायकोचं बोलणं पहिल्या झटक्यात पटायला लग्नाला अठ्ठावीस वर्षं पुरत नाहीत.

तर गेल्या मे महिन्यात कॉलेजच्या ऑफिसात भाऊसाहेब लघाटे आले. मानिक चौकाच्या बाजूला राहणारे, पिढ्यान्‌पिढ्या झाशीतले मराठी ब्राह्मण. पोस्टातून निवृत्त होऊन सोळा-सतरा वर्षं झाली असतील. उन्हाची छत्री, धोतर, आणि बोलणं असं जुनं की ऐकताना वाघचौऱ्यांना आपली मराठी फाटकी वाटावी. पंखा जिथं चालतो अशा एकमेव खुर्चीवर बसून ते म्हणाले, "वाघचौरे, शनिवारी दुपारी माझ्या घरी या. मला तुमची गरज आहे."

बस्स. गरज कसली ते विचारायचं कारणच नव्हतं. तरी वाघचौऱ्यांच्या तोंडातून "हो हो, येतो की" निघून गेलं.

घरी येऊन सांगितलं तेव्हा रोहिणीबाई कणीक मळत होत्या. मळायच्या थांबल्या. "आता एक चमचा जरी मी पोत्यात घातला ना," त्या म्हणाल्या, "तर त्या घरात दोन भुतं होतील. एक त्यांचं आणि एक मी." मयुरा आतून म्हणाली, "मम्मी सही कह रही हैं, पापा."

वाघचौऱ्यांनी तीन दिवस विचार केला आणि ठरवलं. आता खोटेपणा पुरे. शनिवारी जायचं, भाऊसाहेबांच्या तोंडावर खरं सांगायचं की मी भित्रा माणूस आहे, माझ्या विश्वासाचं काही खरं नाही, तुम्ही दुसरं कुणी बघा. मग सगळ्या झाशीत नाव जाईना का. निदान प्रभूला तरी तोंड दाखवता येईल.

शनिवारी दोन वाजता ते पोचले. घर काही जुनंपुराणं नव्हतं, तीस-चाळीस वर्षांपूर्वी बांधलेलं सिमेंटचं. पण लघाट्यांच्या बोलण्यात व्हरांडा म्हणजे ओसरी आणि मधली खोली म्हणजे माजघर. तर भाऊसाहेबांचा सगळा संसार ओसरीवरच होता. खाट ओसरीवर, स्टोव्ह ओसरीवर, मच्छरदाणीचं एक टोक खिडकीच्या गजाला आणि दुसरं स्कूटरच्या आरशाला बांधलेलं. माजघराच्या दाराला भलं मोठं कुलूप. न्हाणीघर माजघराच्या पलीकडे, त्यामुळे हा शहात्तर वर्षांचा माणूस चौदा महिने बादली घेऊन शेजारच्या अजयच्या घरी आंघोळीला जात होता. अजयची बायको आता वैतागली होती आणि तेही बरोबरच होतं.

"ग्वाल्हेरहून गुरुजी बोलावून शांत केली," भाऊसाहेब सांगू लागले. "त्यांनी सगळं यथासांग केलं. मग दूधवाल्यानं समथरहून एक ओझा आणला, भूत उतरवणारा. तो याच खाटेवर चार तास झोपला आणि उठून म्हणाला, निघून गेलं. पुण्याहून मुलगा आला, तो तर चपला घालून आत गेला, खिडकी उघडली, म्हणाला, बाबा, इथं काही नाहीये. नाहीये तर नाहीये. तो गेला, मी परत कुलूप लावलं."

वाघचौऱ्यांनी मनाशी म्हटलं, आता नाही तर कधीच नाही. "भाऊसाहेब," ते म्हणाले, "मला एक सांगायचंय. लोक माझ्याबद्दल जे बोलतात ते खोटं आहे. मी फार भितो. आत्ता तुमच्या त्या दाराकडे बघितलं तरी माझे पाय गार पडतायत. आठ घरांत राहिलो, आठही घरांत भीत भीत राहिलो. तुम्हाला फसवावंसं वाटेना."

एवढं बोलून ते खाली मान घालून बसले. भाऊसाहेब उठून आपल्याला बाहेरचा रस्ता दाखवतील अशी त्यांची खात्री होती.

"ठाऊक आहे मला," भाऊसाहेब म्हणाले.

वाघचौऱ्यांनी वर पाहिलं.

"गेल्या वर्षी तुम्ही आमच्या मागच्या गल्लीत राहत होता. मी रोज संध्याकाळी देवळात जाताना तुमच्या खिडकीखालून जायचो. तुम्ही मोठमोठ्यानं म्हणत असायचा. गल्लीतले लोक हात जोडायचे, म्हणायचे, बाबूजी मंत्र पढ़ रहे हैं." भाऊसाहेबांनी छत्री मांडीवर घेतली. "मला मराठी येते, वाघचौरे."

वाघचौऱ्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. दहा वर्षं ज्या प्रार्थनेवर आपला डंका वाजला ती कुणीतरी शब्दन्‌शब्द समजून ऐकत होतं! अरे देवा. "मग मला कशाला बोलावलंत?" त्यांनी विचारलं.

"न भिणारे सगळे येऊन गेले. त्यांचा मला काय उपयोग? ते आत जातात, काही नाही म्हणतात, चहा पितात, जातात. मला भिणारा माणूस हवा होता. भीत असून दार उघडणारा." मग छत्रीची मूठ चोळत ते म्हणाले, "भूत नाहीये हो आत. इंदू आहे."

इंदू म्हणजे त्यांची पत्नी. वाघचौऱ्यांना एवढं माहीत होतं की त्या गेल्या वर्षी वारल्या. कशा, ते भाऊसाहेबांनी सांगितलं. अशीच दुपार होती. हे ओसरीवर वर्तमानपत्र वाचत होते. माजघरातून इंदूबाईंनी हाक मारली, अहो. हे म्हणाले, येतो. पुन्हा हाक आली. हे म्हणाले, येतो म्हटलं ना. अग्रलेख अर्धा राहिला होता, तो संपवला. घडी नीट घातली. मग गेले.

"पलंगावर होती," भाऊसाहेब म्हणाले. "डोळे दाराकडे. पन्नास वर्षं मी एका हाकेत कधी उठलो नव्हतो आणि ती कधी रागावली नव्हती. त्या दिवशी रागावून गेली. ते मला आत जाऊन बघवत नाही."

लग्नात, बारशात, पोस्टाच्या खिडकीत कायम ताठ दिसलेला हा माणूस खाटेच्या काठावर बसून रडत होता आणि वाघचौऱ्यांना काय करावं ते कळेना. इंदूबाई रागावल्या नाहीत असं कुठल्या तोंडानं सांगणार? ते काही तेव्हा तिथं नव्हते. शेवटी ते उठले आणि म्हणाले, "किल्ली कुठंय?"

किल्ली भाऊसाहेबांच्या जानव्याला होती. ती काढताना दोघांच्या हातून दोनदा खाली पडली. मुलगा येऊन गेल्यापासून कुलूप गंजून बसलेलं. वाघचौऱ्यांनी जोर लावला, भाऊसाहेबांनी लावला, मग दोघांनी मिळून लावला. भाऊसाहेबांनी स्टोव्हजवळची सरसोंच्या तेलाची बाटली आणली आणि निम्मी कुलपात ओतली. तेल वाघचौऱ्यांच्या बाहीतून कोपरापर्यंत गेलं. भिंतीवरून अजयची बायको बघत होती. तिनं डोक्यावर पदर घेतला. तिला वाटलं, विधी सुरू झाला.

कुलूप निघालं. दार ढकललं तसा आतला कोंदट, गरम वास तोंडावर आला. अंधार होता, बाहेरच्या पांढऱ्या उन्हातून गेल्यावर तर फारच. पलंग तेवढा अंदाजानं कळत होता. वाघचौऱ्यांनी उंबऱ्यावर पाय ठेवला आणि तो तिथंच राहिला. त्यांची भीती कुठंही गेलेली नव्हती, जशीच्या तशी होती, वर आणखी थोडी वाढली होती. पण शेजारी भाऊसाहेबांनी त्यांचं तेलकट मनगट घट्ट धरलं होतं, आणि त्या पकडीमुळं पळता येत नव्हतं. प्रार्थना करायला त्यांनी तोंड उघडलं. दहा वर्षं आठ घरांत रोज ओरडून म्हटलेल्या चार ओळी, पण तोंडातून एक शब्द फुटेना. बोबडीच वळली. प्रभू, प्रभू, एवढंच दोनदा म्हणाले आणि पुढचं सगळं पुसून गेलेलं. नेमकं आजच, ज्याला गरज होती त्याच्यासमोर! त्यांना स्वतःची एवढी लाज कधी वाटली नव्हती.

"प्रभू, आधी तू आत हो," शेजारून आवाज आला.

वाघचौऱ्यांनी वळून पाहिलं. भाऊसाहेब समोर अंधारात बघत होते आणि पाढे म्हणावे तसे सावकाश म्हणत होते. वर्षभर खिडकीखालून जाता येता कानांवर पडलेलं, एका शब्दाची चूक नाही.

"प्रभू, आधी तू आत हो, मी तुझ्या मागून येतो. अंधार माझ्याहून मोठा आहे, तुझ्याहून नाही. माझे पाय कापतात, तू हात सोडू नकोस."

त्यांनी एक पाऊल आत टाकलं, म्हणून वाघचौऱ्यांनीही टाकलं. मग दुसरं. आता डोळे सरावले होते. पलंगावर धूळ होती, उशी होती, घडी घातलेली एक चादर होती.

"मला भीती वाटली," भाऊसाहेब म्हणाले, "म्हणून माझ्यावर रागावू नकोस."

ही ओळ त्यांनी दोनदा म्हटली. दुसऱ्यांदा म्हणताना ते पलंगाकडे बघत होते, आणि वाघचौऱ्यांना तेव्हा कुठं वाचा फुटली. ते म्हणाले, "आमेन."